फोनोग्राफ, रेकॉर्डी आणि कोल्हापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या रेकॉर्डींविषयी लिहायला लागल्यापासून निरोप येतच असतात. कुणाला माळ्यावर आजोबांचा फोनो सापडलेला असतो, कुणाला शाळेचा प्रकल्प करायचा असतो, कुणी एखादा फॉरवर्ड पाठवून "हे खरं का?" म्हणून विचारतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फोनोग्राफ आणि ग्रामोफोन एकच ना? आमच्या घरी सगळे नुसतं 'फोनो' म्हणायचे.

घरच्या बोलण्यात चालतं, पण यंत्रं दोन. फोनोग्राफ थॉमस एडिसनचा, १८७७ चा. त्यात आवाज नळकांड्यावर उमटायचा. आधी नळकांड्याला गुंडाळलेल्या कथलाच्या पातळ पत्र्यावर आणि पुढे मेणावर. सुई वरखाली होत चर पाडायची. ग्रामोफोन एमिल बर्लिनरचा, १८८७ चा. त्यात सपाट तबकडी असते आणि सुई डावी-उजवीकडे हलते.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने फरक असा की फोनोग्राफवर स्वतःचा आवाज भरता यायचा, ग्रामोफोनवर फक्त ऐकता यायचं. पण तबकडीचा साचा करून हजारो प्रती छापता येत होत्या. नळकांड्यांचं सुरुवातीला तसं जमत नव्हतं, आणि बाजारात तबकडी जिंकली ती याच बळावर. आपल्याकडे माळ्यावर जे निघतं ते जवळजवळ नेहमी ग्रामोफोनच असतं. खरोखरीचं मेणाचं नळकांडं मिळालं असेल तर थेट प्रश्न १७ वाचा.

२. शोध एडिसननेच लावला, की नाव फक्त त्याचं झालं?

भरलेला आवाज परत ऐकवणारं पहिलं यंत्र त्याचंच. मात्र आवाज 'टिपायचा' उद्योग पॅरिसच्या एदुआर-लेओं स्कॉट याने १८५७ मध्येच केला होता. काजळी धरलेल्या कागदावर तो आवाजाची नागमोडी रेघ उमटवायचा. ती रेघ डोळ्यांनी वाचायची, असा त्याचा बेत होता, परत ऐकायची कल्पनाच नव्हती. १८६० मध्ये त्याने टिपलेली एका फ्रेंच लोकगीताची ओळ २००८ मध्ये संगणकाच्या मदतीने पहिल्यांदा कानांवर पडली. शार्ल क्रो या दुसऱ्या फ्रेंच माणसाने १८७७ मध्येच आवाज परत ऐकवणाऱ्या यंत्राची कल्पना कागदावर मांडली होती, पण यंत्र घडवलं नाही.

एडिसनचं यंत्र प्रत्यक्ष घडवलं त्याच्याकडचा कारागीर जॉन क्रूसी याने. या माणसाचं नाव फार कमी ठिकाणी येतं, म्हणून मुद्दाम सांगतो. आणि एडिसनला स्वतःला खूप कमी ऐकू यायचं. आवाज नीट कळावा म्हणून तो यंत्राच्या लाकडात दात रोवून कंप हाडांतून ऐकायचा.

३. यंत्र गाणी ऐकायलाच बनवलं होतं ना?

नाही. १८७८ मध्ये एडिसनने एका अमेरिकी मासिकात फोनोग्राफच्या दहा उपयोगांची यादी दिली. पहिलं होतं पत्रं सांगणं, म्हणजे कारकुनाला मजकूर सांगायचा तो यंत्राला सांगायचा. दुसरं अंधांसाठी बोलती पुस्तकं. तिसरं वक्तृत्वाचं शिक्षण. संगीत चौथं. पुढे घरातल्या माणसांचे आवाज आणि मरणाऱ्याचे शेवटचे शब्द जपणं, बोलकी खेळणी, वेळ सांगणारी घड्याळं, भाषांचं जतन, शाळेतले धडे, टेलिफोनवरचं बोलणं साठवणं. आज तुमच्या खिशातला मोबाइल हे सगळं करतो.

संगीताला वर आणलं ते लोकांनी. १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दारूच्या गुत्त्यात नाणं टाकून ऐकायचा फोनोग्राफ बसवला. त्याला चार नळ्या होत्या, एका वेळी चौघांनी कानाला लावून ऐकायचं, प्रत्येकाने वेगळं नाणं टाकायचं. पुढचा ज्यूकबॉक्स त्यातूनच आला. कादंबऱ्यांतही हे यंत्र लवकर शिरलं. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला'त डॉक्टर आपली रोजनिशी लिहीत नाही, फोनोग्राफवर बोलून ठेवतो. त्या काळच्या वाचकाला ते अगदी अद्ययावत वाटलं असणार.

४. त्या कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याची गोष्ट खरी आहे का?

कुत्रा खरा. नाव निपर. १८९५ मध्ये तो मेला. त्यानंतर फ्रान्सिस बरो या इंग्रज चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, आणि मूळ चित्रात निपर ऐकत होता तो फोनोग्राफ. काळा कर्णा, नळकांडं, सगळं एडिसनच्या पद्धतीचं. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये ते विकत घेताना अट घातली की यंत्र बदलायचं. बरोने फोनोग्राफवरच रंग चढवून तिथे तबकडीचा ग्रामोफोन काढला. चित्राचे ५० पौंड आणि हक्काचे ५० पौंड मिळाले. मूळ कॅनव्हासवर उजेड तिरका पडला की रंगाखालचा फोनोग्राफ अजून जाणवतो. तबकडीने नळकांड्याला बाजारातून हटवलं, त्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

५. "जगातली पहिली ग्रामोफोन रेकॉर्ड ऋग्वेदातल्या ऋचेची होती, मॅक्समुल्लरने एडिसनसाठी म्हटली, एचएमव्हीने काढली." हा फॉरवर्ड दर वर्षी येतो. खरं का?

खरं नाही. एका वाक्यात तीन गोष्टी एकमेकींना छेद देतात. एडिसन ग्रामोफोन बनवत नव्हता, तो बर्लिनरचा. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफमध्ये स्वतःच 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' म्हटलं होतं. आणि 'एचएमव्ही' ('हिज मास्टर्स व्हॉइस') हे नाव कुत्र्याच्या ज्या चित्रावरून आलं ते कंपनीने घेतलंच १८९९ मध्ये (प्रश्न ४). तोवर पहिल्या तबकडीला दहाहून जास्त वर्षं झाली होती. ऋग्वेदाला मोठेपणासाठी या गोष्टीची गरज नाही. ज्यांना अभिमान वाटायचाय त्यांनी प्रश्न १० वाचावा, तिथली गोष्ट पुराव्यानिशी खरी आहे.

६. आपल्याकडे रेकॉर्डी कधी आल्या? आणि जुन्या रेकॉर्डीत शेवटी बाई स्वतःचं नाव का सांगतात?

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने तिथे भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं केली. त्यांत सगळ्यांत गाजल्या त्या गायिका गौहरजान. गाणं संपताच त्या ठणकावून इंग्रजीत सांगतात, "माय नेम इज गौहरजान." लोकांना हा त्यांचा तोरा वाटतो, पण त्यामागे कामाची सोय होती. मेणावर भरलेल्या मूळ तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कामगाराला ठुमरी कोणती आणि ख्याल कोणता हे कुठून कळणार? शेवटी ऐकू आलेल्या नावावरून तो लेबल लावायचा. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या.

नळकांड्यांचा काळही आपल्याकडे होता. हेमेंद्र मोहन बोस यांनी स्वदेशीच्या दिवसांत कोलकात्यात नळकांड्यांवर रवींद्रनाथांचा आवाज भरला होता.

७. रेकॉर्ड कशाची बनायची? प्लास्टिक तर तेव्हा नव्हतं.

लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांचा तो स्राव. त्यापासून शेलॅक करायचं, त्यात दगडाची बारीक पूड आणि रंगासाठी काजळी घालायची, तापवून मळायचं आणि साच्यात दाबायचं. फुटलेल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डीची कड भिंगाखाली धरा, काळ्या गाभ्यात पुडीचे कण चमकताना दिसतील. इटालियन गायक कारुसोच्या असोत की न्यूयॉर्कच्या जाझवाल्यांच्या, जगभरच्या तबकड्यांना लागणारी बहुतेक लाख भारतातून जायची. आपल्या कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, बोरमाळेच्या मण्यांच्या पोटात भरतात, तीच ही लाख. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा आटला. १९४२ मध्ये अमेरिकेने रेकॉर्डींसाठीच्या शेलॅकवर मोठी कपात केली आणि लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून नव्यात मिसळल्या गेल्या. त्यात किती दुर्मिळ गाणी वितळली याचा हिशेब लागणं अवघड आहे.

८. जुनी सगळी गाणी तीन मिनिटांचीच का?

कारण ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावतं. बारा इंची असली तर चार-साडेचार मिनिटं. बस.

या एका अडचणीने आपल्या गाण्याला जेवढं वळण लावलं तेवढं कुठल्या ग्रंथानेही लावलं नसेल. मैफलीत राग तासभर उलगडायचा. रेकॉर्डीसाठी गवयाला आधी ठरवावं लागलं की रागाचं नेमकं काय दाखवायचं. विलंबित बाजूला ठेवायचं, मध्य किंवा द्रुत लयीतली बंदिश घ्यायची, आलापाची चार वळणं, ताना, आणि वेळ संपायच्या आत समेवर यायचं. काहींना ते जमलंच नाही, नुसती घाई ऐकू येते. काहींनी त्यातून वेगळीच कला उभी केली. मिरजेचे अब्दुल करीम खाँ ऐका. त्यांच्या १९३० नंतरच्या रेकॉर्डीत एकही स्वर घाईत लावलेला वाटत नाही. तीन मिनिटांत राग पुरा उभा राहतो आणि तरी निवांत वाटतो. माझ्या मते या माध्यमात त्यांच्या तोडीचं फार थोड्यांनी गायलंय.

नाटकाचं उलट झालं. रंगभूमीवर पद वन्समोअर घेत घेत रात्र चढवायचं, आवडत्या जागेवर नट दहा-दहा वेळा परतायचा. तेच पद रेकॉर्डीवर आलं की एकदाच, आखीव. पण वन्समोअर द्यायचा हक्क आता घरात बसलेल्या माणसाच्या हातात आला. सुई उचलायची आणि परत ठेवायची. बालगंधर्वांचं नाटक ज्यांनी कधी पाहिलं नाही अशा खेड्यापाड्यांतल्या माणसांना त्यांच्या हरकती तोंडपाठ होत्या, त्या अशा.

आणखी एक बदल. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालायचं, साथ करणाऱ्यांनी मागे बसायचं, आणि मोठ्याने गायचं. म्हणून त्या काळच्या गाण्यात आवाज चढा आणि टोकदार लागतो. हळुवार गुणगुणणं शक्य झालं ते माईक आल्यावर. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी लाँग प्ले तबकडी, १९४८ मध्ये निघाली आणि वेळेचं बंधन सुटलं, तरी सिनेमाचं गाणं अजून तीन-चार मिनिटांच्या आसपासच आहे.

९. अल्लादिया खाँसाहेबांची रेकॉर्ड कुठे मिळेल?

हा प्रश्न कोल्हापुरातून सगळ्यांत जास्त येतो, आणि उत्तर जड मनाने द्यावं लागतं. खाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. शाहू महाराजांच्या दरबारी राहून ज्यांनी जयपूर-अत्रौली गायकीला आज ओळखतो ते रूप दिलं, ते १९४६ पर्यंत हयात होते. म्हणजे भारतात तबकडी आल्यानंतर ४० वर्षांहून अधिक काळ. तरी त्यांचा आवाज यंत्रात नाही. नेटवर त्यांच्या नावाने काही मिळालं तर ते दुसऱ्याच कुणाचं आहे असं धरून चाला. संगीत नाटकातले गायक नट भाऊराव कोल्हटकर यांचं तर नशीबच तसं. ते १९०१ मध्ये गेले आणि गायसबर्ग आला १९०२ मध्ये.

मग खाँसाहेब ऐकायचे कसे? शिष्यांतून. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, खाँसाहेबांच्या मुलांकडे, म्हणजे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर, आणि कोल्हापुरातच जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी. चौघांचा एकच राग ओळीने लावून ऐका. तानेची गुंफण आणि समेवर येण्याची ढब चौघांत सारखी सापडते, आवाज मात्र चार तऱ्हांचे. जे सारखं आहे ते बहुतेक खाँसाहेबांचं. इतकं तरी आपल्या हाती आहे.

१०. कोल्हापूरच्या केसरबाईंचं गाणं अंतराळात गेलंय म्हणतात. नक्की काय आहे ते?

आधी एक दुरुस्ती. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. कोल्हापूरशी त्यांचं नातं दोन वाटांनी आहे. लहानपणी, आठव्या वर्षाच्या सुमारास, त्या इथे काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे १९२१ पासून त्यांचे गुरू झाले अल्लादिया खाँ, ज्यांची गायकी आपल्या दरबाराच्या आश्रयात वाढली.

आता अंतराळाचं. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २ ही याने सोडली. दोन्हींवर एकेक तबकडी बसवली आहे. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, बारा इंची, मिनिटाला १६ पूर्णांक २ तृतीयांश फेऱ्यांची. सोबत सुई आणि कार्ट्रिज ठेवलंय आणि झाकणावर ती कशी वाजवायची याची आकृती कोरली आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यासाठी जगभरच्या संगीतातून तुकडे निवडले. भारताकडून एकच, केसरबाईंची भैरवीतली 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. बाख आणि बीथोवेन यांच्या शेजारी. शिवाय ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, आणि त्यांत मराठीही आहे.

मला यात सगळ्यांत विलक्षण वाटते ती तारीख. फोनोग्राफ १८७७ चा, व्हॉयेजर १९७७ चं. शंभर वर्षांनंतर माणसाने आपली ओळख दूर पाठवायला निवडली ती एडिसनचीच युक्ती, चर आणि त्यात फिरणारी सुई. कारण ती समजायला सोपी आणि टिकायला चिवट. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. यान आता पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. ज्या गुरूचा आवाज एका साध्या तबकडीवरही नाही, त्याची तालीम तिथवर पोचली आहे.

११. फोनोग्राफचा आणि कोल्हापूरच्या सिनेमाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि दुहेरी आहे.

पहिला मुळातला. एडिसनने १८८८ मध्ये चलच्चित्राच्या यंत्राची कल्पना नोंदवताना लिहिलं की फोनोग्राफ कानासाठी जे करतो तेच हे यंत्र डोळ्यांसाठी करेल. सिनेमाचा विचार फोनोग्राफच्या पाठीवर बसून आला. तीस वर्षांनी बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. 'सैरंध्री' १९२० चा. चित्र हलत होतं, मात्र मुकं होतं.

दुसरा संबंध बोलपटाचा. अमेरिकेत सुरुवातीचे बोलपट चक्क तबकडीवर चालायचे. पडद्यावर रीळ आणि शेजारी सोळा इंची तबकडी, दोन्ही एकदम सुरू करायचं. एक रीळ साधारण अकरा मिनिटांचं, म्हणून तबकडीही अकरा मिनिटं पुरावी लागे, आणि त्यासाठी वेग ३३ पूर्णांक १ तृतीयांश फेऱ्यांवर आणला. एलपीचा वेग तो इथून आला. सुई घसरली की नायकाच्या तोंडी भलताच संवाद यायचा. फिल्मच्या काठावरच आवाज छापायची सोय झाल्यावर ती कटकट संपली.

प्रभात कंपनी कोल्हापुरात १ जून १९२९ ला उभी राहिली आणि १९३२ मध्ये तिने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. संगीत गोविंदराव टेंबे यांचं, राजाची भूमिकाही त्यांचीच. पार्श्वगायन नव्हतं, नटानेच कॅमेऱ्यासमोर गायचं. गोविंदराव नाटकाच्या पदांत मुरलेले, अल्लादिया खाँसाहेबांच्या सहवासातले. दरबारची मैफल, संगीत नाटक आणि बोलपट हे तिन्ही प्रवाह त्या एका माणसात मिळालेत. बोलपट आले आणि रेकॉर्ड कंपन्यांना कधी न आटणारी खाण मिळाली. चित्रपटातलं गाणं लांब असलं तर रेकॉर्डीसाठी कडवं गाळायचं किंवा दोन बाजूंवर भाग १, भाग २ करायचे. पडद्यावरचं आणि रेकॉर्डीवरचं गाणं वेगळं का, असं बरेच जण विचारतात. कारण हेच.

१२. आमच्याकडच्या रेकॉर्डीवर गायिकेचं नाव भलतंच छापलंय. चुकीची छपाई आहे का?

बहुधा नाही. पूर्वी चित्रपटाच्या रेकॉर्डीवर गाणारीऐवजी पडद्यावरच्या पात्राचं नाव छापायची रीत होती. 'महल' (१९४९) मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डीवर 'कामिनी' हे पात्राचं नाव होतं. रेडिओवर ऐकणाऱ्यांनी खरी गायिका कोण म्हणून विचारणा केली. लताबाईंची उमेदवारीची वर्षं मास्टर विनायकांच्या कंपनीत कोल्हापुरात गेली, म्हणून हा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा.

लेबल पुसलं असेल तर लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक बघा. उजेड आडवा धरला की वाचता येतो. रेकॉर्डीची ओळख पटवायला लेबलापेक्षा तो भरवशाचा.

१३. मिरवणुकीतल्या डॉल्बीचा आणि या यंत्राचा काय संबंध? मुलगा म्हणतो डीजे म्हणजे रेकॉर्डवालाच.

मुलगा बरोबर सांगतोय. डीजे म्हणजे डिस्क जॉकी, आणि डिस्क म्हणजे तबकडी. १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क नावाच्या तरुणाने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर ठेवून नाचण्याजोगा ठेक्याचा तुकडा लांबवत नेला. हिपहॉपची सुरुवात तिथून धरतात. पुढे कुणी तबकडी हाताने मागेपुढे घासून त्याचंच वाद्य केलं. आपल्या गणपतीत आज लॅपटॉप असतो, पण स्क्रॅचचा तो 'चिक-चिक' आवाज अजून तबकडीचाच आहे. १८७८ मध्येही फोनोग्राफचे खेळ करणारे लोक यंत्र उलटं फिरवून शब्द उलटे ऐकवायचे आणि पब्लिक पोट धरून हसायचं. आवाजाच्या पातळीबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. एवढ्या मोठ्याने काहीच ऐकू येत नाही, फक्त छाती हादरते.

१४. विवेकानंदांच्या शिकागोच्या भाषणाची खरी रेकॉर्ड मिळालीय का? १८९३ मध्ये फोनोग्राफ होताच की.

यंत्र होतं, पण ती रेकॉर्ड खरी नाही. नंतर कुणीतरी वाचलेलं ते भाषण आहे. १८९३ चं मेणाचं नळकांडं दोन-तीन मिनिटं चालायचं आणि त्यात कर्ण्याच्या तोंडाशी बोलावं लागायचं. भरलेल्या सभागृहातलं भाषण, टाळ्यांसकट, स्वच्छ आवाजात? ते तेव्हा होणारं काम नव्हतं. कुठलीही 'ऐतिहासिक' रेकॉर्ड आली की आधी एवढंच विचारा, माईक कुठून आला? (प्रश्न ८ मधलं १९२५ लक्षात ठेवा.) त्या काळातले खरे आवाज आहेत. १८९० मध्ये भरलेला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा आवाज आज ऐकता येतो, आणि तो खरखरीतून जेमतेम वर येतो.

१५. बीटल्सची ७८ ची रेकॉर्ड भारतात निघाली, हे खरं का?

हो. १९६० नंतर पाश्चात्त्य देशांत ७८ बंद पडत आली होती, तेव्हा इथे बीटल्ससुद्धा ७८ वर छापले जात होते. जगभरचे संग्राहक त्या भारतीय प्रतींसाठी मोठे दाम मोजतात. कारण साधं आहे, अनेक गावांत वीज पोचली नव्हती आणि चावीचा फोनो विजेवाचून चालतो.

१६. आजोबांच्या रेकॉर्डी निघाल्यात. पुसून वाजवू का? आणि बाजारात पितळी कर्ण्याचा फोनो मिळतोय, घेऊ का?

रेकॉर्डी आधी बघा कोणत्या. जड, कडक, पडल्यावर काचेसारखी फुटणारी असेल तर ती लाखेची. तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि गाणं पुसून जातं. गार पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, चरांच्या दिशेने हात फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं. इथल्या पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून भिंतीला न टेकवता उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका.

चावीच्या यंत्रावर प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई घाला. सुई झिजायलाच बनवलेली असते. झिजलेली तशीच चालवली तर चर खरवडला जातो. एलपी या यंत्रावर कधीच लावू नका. साऊंड बॉक्सच्या, म्हणजे सुई बसवतात त्या डबीच्या, वजनाने ती एका वेळेत कामातून जाते. विजेच्या प्लेअरवर ७८ लावायची तर ७८ ची जाड सुई वेगळी घ्यावी लागते.

पितळी कर्ण्याचे चकचकीत फोनो बहुतेक अलीकडे जोडलेले असतात. कुत्र्याचा बिल्ला नवा, मोटर कुठल्यातरी पेटीतली, कर्णा पातळ पत्र्याचा. दिवाणखान्यात ठेवायला हवा असेल तर घ्या, जुनी वस्तू म्हणून पैसे मोजू नका. ऐकायचंच असेल तर जुनी सुटकेससारखी पोर्टेबल पेटी बघा. स्प्रिंगला ग्रीस आणि साऊंड बॉक्सचं रबर बदललं की बहुतेक चालू लागते.

१७. मेणाचं नळकांडं मिळालंय, पोकळ. शिवाय आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुणी भरल्या असतील का?

नळकांड्याच्या बाहेरच्या बाजूला बोट लावू नका. आत दोन बोटं घालून, आतून ताणून उचला. उन्हात ठेवू नका, पुसू नका, आणि कुणी हौसेने फोनोग्राफ आणला तरी वाजवून बघू नका. बुरशी लागलेल्या मेणावर सुई एकदा फिरली तरी आवाज जातो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत अशा नळकांड्यांना स्पर्श न करता, चरांचे अतिसूक्ष्म फोटो घेऊन आवाज परत मिळवायची पद्धत तयार झाली आहे. म्हणून तुटकं असलं तरी तुकडे जपा.

ओव्यांबद्दल. फोनोग्राफ हलका होता आणि आवाज भरू शकत होता, म्हणून लोकगीतं गोळा करणाऱ्यांनी तो खेड्यापाड्यांत नेला. १८९० मध्ये अमेरिकेत जेसी फ्यूक्स यांनी तिथल्या आदिवासींची गाणी भरली, १९०६ पासून संगीतकार बेला बार्तोक हंगेरीच्या गावांत फिरले. भारतात ब्रिटिश अधिकारी ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीला जोडून ग्रामोफोनवर इथल्या भाषांचे नमुने भरले गेले. पण त्यांत मुख्यतः ठरावीक मजकूर म्हणवून घ्यायचे. तुमच्या आजीच्या ओव्या तुमच्या कुटुंबात कुणाला येत असतील तर त्यांना समोर बसवा आणि मोबाइलवर भरा. आधी नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या, गौहरजान सांगायच्या तसं.